वय ३६, तीन क्षेत्रं बदलली, व्हिसा विद्यापीठाचा: आता स्वतःची कंपनी काढावी का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात पॉलिमरमध्ये पीएचडी, मग अमेरिकेत बायोसेन्सरवर पोस्टडॉक, सध्या एका विद्यापीठात पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधक. एच-वन बी व्हिसा, बायको, चार वर्षांची मुलगी. "विज्ञानातली स्वतःची कंपनी काढायची आहे, पण माझी वाट इतकी वाकडीतिकडी आहे की माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? उशीर झालाय का? सुरुवात कुठून करू? आणि घरी काय सांगू?"

मी २०१३ पासून न्यू जर्सीत एक छोटी केमिस्ट्रीची कंपनी चालवते. सहा माणसं, तीन फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर खेचणारी कपाटं). ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेले रेणू बनवतो. रक्तातलं औषध, ड जीवनसत्त्व किंवा एखादं संप्रेरक मोजायचं असेल, तर प्रयोगशाळा नमुन्यात त्याच रेणूची जरा जड आवृत्ती मोजून टाकते. काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असल्यामुळे ती तीन-चार एककांनी जड असते. रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, कॉलममधून, दोघे जवळजवळ बरोबरच बाहेर पडतात, पण मास स्पेकला (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्राला) वेगळे दिसतात. जड किती टाकलं ते आपल्याला माहीत असतं, त्या प्रमाणावरून हलकं किती ते निघतं. आम्ही ती जड आवृत्ती विकतो, मिलिग्रॅमवर. एका डिलिव्हरी व्हॅनमध्ये आमचा वर्षाचा सगळा माल आरामात मावेल, आणि बरीचशी जागा बर्फालाच लागेल.

आता तुमचा पहिला प्रश्न. वाकड्या वाटेबद्दल गिऱ्हाईक मला आजवर एकदाही काही म्हणालेलं नाही. विचारतात ते एवढंच: शुद्धता किती, कधी पाठवता, सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) बरोबर येईल ना? वाट वाकडी आहे याची लाज आपल्यालाच वाटते, कारण आपण दहावीपासून सरळ रेषेत मार्क मिळवत आलेलो असतो. आणि परदेशी माणसाची वाट बहुतेक वेळा कागदांमुळे वाकते. माझी कशी वाकली ते सांगते, म्हणजे तुमच्या वाटेशी ताडून बघता येईल.

माटुंग्याच्या यूडीसीटीतून (आता आयसीटी, पण आमच्या पिढीच्या तोंडी यूडीसीटीच) २००१ साली पीएचडी झाली आणि मी जे-वन या पाहुण्या संशोधकांच्या व्हिसावर मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात आले. व्हिसावर बारीक अक्षरात शेरा होता: दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-वन नाही, ग्रीन कार्डही नाही. त्यातून सुटायला भारत सरकारची हरकत नसल्याचं पत्र लागायचं आणि त्यासाठी 'नोरी'चे (भारतात परतायचं बंधन नसल्याचे) दाखले: राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा, पासपोर्टवाल्यांचा वेगळा. माझे वडील सांगलीला हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचे, सकाळी स्टँडवरच तोंड धुवायचे आणि रांगेला लागायचे. पाच खेपा केल्या त्यांनी. प्रत्येक खेपेचा खर्च एका वहीत लिहिलेला होता, चहासकट. (२०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेने ज्या देशांच्या कौशल्यांसाठी हा शेरा लागतो ती यादी बदलली आणि भारताचं नाव त्यातून गेलं. सरकारी पैशावर आलेल्यांना तो अजूनही लागू शकतो.)

सुटका झाल्यावर २००४ मध्ये एका कंत्राटी केमिस्ट्रीच्या कंपनीत एच-वनवर लागले. दुसऱ्यांच्या औषधांचे मधले टप्पे बनवायचे, पाच-पाच किलोच्या बॅचने. २००८ मध्ये ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू झाली आणि २००९ मध्ये मंदीत नोकरी गेली. आज नोकरी गेली तर ६० दिवसांची मुभा मिळते, ती २०१७ मध्ये आली. तेव्हा एकही दिवस मिळत नव्हता. नवरा आयटीत, त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली बायको म्हणून मी चार महिने घरी बसले. मग एका विद्यापीठाच्या मास स्पेक कोअरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक यंत्रशाळेत, जागा मिळाली. पीएचडी झालेली, पाच किलोची रिअॅक्शन चालवलेली बाई लोकांचे नमुने मशीनला लावत बसली. त्या वेळी वाटलं, संपलं आपलं.

खरा धंदा तिथेच सापडला.

कोअरमध्ये रोज कुणी ना कुणी यायचं: "अमुक मेटाबोलाइटचा डी-फोर आहे का गं तुमच्याकडे?" डी-फोर म्हणजे चार ड्युटेरियमवाली जड आवृत्ती. कॅटलॉगात तो एक तर नसायचाच, नाहीतर आठ आठवडे थांबा. मला ते बनवता येत होते, कारण यूडीसीटीत सिंथेसिस शिकले होते. किती शुद्ध लागतात तेही कळत होतं, कारण मशीनवर बसून होते. नुसत्या सिंथेसिसवाल्याला हलक्या रेणूचा एक टक्का अवशेष म्हणजे किरकोळ वाटतो. मशीनवाल्याला ठाऊक असतं की त्या एका टक्क्यामुळे कोऱ्या नमुन्यातही औषध दिसायला लागतं. माझी तिन्ही वळणं (सिंथेसिस, कंत्राटी काम, मास स्पेक) त्या एका कुपीत एकत्र आली होती. मी ती ठरवून घेतली नव्हती.

म्हणून सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: तुमच्या इनबॉक्समधून. गेल्या दोन वर्षांत तुमच्या लॅबबाहेरच्या कुणी कुणी तुमच्याकडे काय मागितलं, याची यादी काढा. "ते कोटिंग कसं केलंस?", "तुमच्या पेशी आमच्या चिपवर चिकटत नाहीत, बघतोस का?" असं काहीतरी असेलच. पॉलिमर, सेन्सर आणि पेशी या तिन्ही गोष्टी ज्याच्या हाताखालून गेल्या आहेत त्याला पृष्ठभाग कळतो, आणि पेशी पृष्ठभागावर का चिकटत नाहीत या कटकटीवर लोक पैसे खर्च करतात. हा माझा अंदाज. यादी खरी मानायची. नव्या कल्पना सुचवून घेऊ नका, त्या रविवारी सुचतात आणि सोमवारी कुणाला नको असतात.

आपल्याकडे या वाटेवर फार आधी गेलेला एक माणूस म्हणजे शंकर आबाजी भिसे. मुंबईत १८६७ साली जन्मले. यंत्रांच्या वेडापायी लंडनला गेले, छापखान्याचे खिळे ओतायचं यंत्र बनवलं, सर रतन टाटांचं पाठबळ मिळवलं. ते थांबल्यावर न्यूयॉर्कला गेले, तिथे त्याच यंत्रासाठी कंपनी काढली आणि आयोडीनच्या एका औषधातही शिरले. खिळे ओतणारा माणूस औषध विकायला लागतो यात लोकांना धरसोड दिसते. मला त्यात परक्या शहरात भाडं भरणारा माणूस दिसतो. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कलाच वारले.

आता व्हिसा, कारण तुमच्या बाबतीत गाठ तिथेच आहे. विद्यापीठाचा एच-वन बी कोट्याबाहेरचा असतो, हे बहुतेकांना माहीत असतं. तो सोडून कंपनीत, स्वतःच्या का होईना, जाताना कोट्यात शिरावं लागतं आणि लॉटरी लागावी लागते, हे मात्र बरेच जण विसरतात. कोटा ६५,००० चा आणि वर २०,००० अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा पुढची पदवी घेतलेल्यांसाठी. तुमची पीएचडी पुण्याची, म्हणजे त्या २० हजारांत तुम्ही बसत नाही. कंपनीची मालकी आपली आणि एच-वनही त्याच कंपनीकडून, असं करण्याची सोय १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत स्पष्ट केली आहे, पण मंजुरी सुरुवातीला १८ महिन्यांचीच मिळते. देशाबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर २०२५ च्या सप्टेंबरात एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा या मधल्या काळात "जरा भारतात जाऊन येतो आणि मग बघू" हा बेत करू नका. आणि एच-वनवर असताना कंपनीचे शेअर जवळ असणं वेगळं, तिथे काम करणं वेगळं. दुसरं केलंत तर सगळंच धोक्यात. चांगला वकील गाठा, मामेभावाच्या मित्राला विचारू नका.

ग्रीन कार्डाची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी किती लांब आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. पण एक गोष्ट: मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज एकदा मंजूर झाला की रांगेतली तुमची तारीख पुढच्या अर्जातही चालते, नोकरी बदलली तरी. माझी २००८ ची तारीख गेलेल्या नोकरीतून आली होती. विद्यापीठाने नवा अर्ज केला तेव्हा तीच वापरली, आणि एप्रिल २०१२ मध्ये कार्ड हातात आलं. ज्या कंपनीने मला काढलं तिच्यामुळेच मी पुढे कंपनी काढू शकले, म्हणून मी त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. तुमच्याकडे मंजूर आय-१४० नसेल, तर पहिलं काम ते. राष्ट्रहिताच्या सवलतीचा अर्ज संशोधकाला मालकाशिवाय, स्वतःच करता येतो, आणि त्याचे आजचे निकष २०१६ च्या धनासर निकालातून आले आहेत. आजच्या नोकरीत राहूनच करा.

कार्डाचा संबंध पैशाशीही आहे. छोट्या विज्ञान कंपन्यांना अमेरिकी सरकार जे अनुदान देतं (एसबीआयआर, १९८२ च्या कायद्यापासूनचं), त्यासाठी कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी साधारणपणे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांकडे लागते. मुख्य संशोधकाची निम्म्याहून जास्त नोकरीही त्या कंपनीत लागते. म्हणजे विद्यापीठाची पूर्ण वेळची जागा धरून ठेवून हे होत नाही. या योजनेला अमेरिकी संसद वेळोवेळी मुदतवाढ देते, तेव्हा अर्जाआधी ती चालू आहे ना ते बघा. माझा पहिला अर्ज चर्चेलासुद्धा घेतला नव्हता. समीक्षकाचा शेरा होता की हे संशोधन नसून उत्पादन आहे. राग आला, पण शेरा बरोबर होता. दुसऱ्या अर्जात मी उत्पादन बाजूला ठेवून एकच अवघड प्रश्न मांडला: एका स्टेरॉइडच्या सांगाड्यात ड्युटेरियम अशा जागी कसं घालायचं की ते टिकेल? तो मंजूर झाला.

हा प्रश्न मला कुठून सुचला ते सांगायला हवं, कारण तिथे माझीच चूक आहे. पहिल्या वर्षी एका प्रयोगशाळेला एका कीटोनचा डी-फोर विकला. ड्युटेरियम घालायचा सोपा रस्ता म्हणजे कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर: जड पाणी, जरासा बेस, गरम करा, झालं. एनएमआर (रेणूच्या रचनेची तपासणी) सुंदर, ड्युटेरियम ९९ टक्के, मी सीओएवर सही ठोकली. तीन आठवड्यांनी फोन आला: "तुमचा डी-फोर रोज हलका होतोय." त्यांच्या पद्धतीत द्रावणात थोडा अमोनिया होता. ज्या रस्त्याने ड्युटेरियम आत गेलं, त्याच रस्त्याने ते बाहेर पडत होतं. मशीनला नमुने देणाऱ्या ऑटोसॅम्प्लरमध्ये कुपी रात्रभर राहिली की डी-फोरचा डी-थ्री, डी-टू होत हळूहळू शेवटी हलका रेणू. त्यांच्या सगळ्या मोजण्या वाया. पैसे परत केले, आणि तोच रेणू पुन्हा बनवला, या वेळी ड्युटेरियम अशा कार्बनवर जिथून ते निसटू शकत नाही. दोनऐवजी सात टप्पे, खर्च चौपट. ती प्रयोगशाळा आजही आमची गिऱ्हाईक आहे. तेव्हापासून प्रत्येक नवा माल आम्ही अमोनियात आणि आम्लात चार-चार दिवस ठेवतो आणि ते आकडे सीओएवर छापतो. कोऱ्या करकरीत पीएचडीला हे सुचत नाही. मला सुचायला हवं होतं, मी तर मशीनवर बसलेली होते.

मालकी हक्काचं काय? तुमचं नेमणूकपत्र काढा आणि शोधांबद्दलचं कलम वाचा. सरकारी पैशातून विद्यापीठात लागलेल्या शोधावर १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे विद्यापीठ हक्क ठेवू शकतं, आणि शोधकाला हिस्सा मिळाला तरी परवाना कुणाला द्यायचा ते विद्यापीठ ठरवतं. एमआरएनए लशींमागच्या शास्त्रज्ञ कॅटालिन कारिको यांचं उदाहरण सर्वांना माहीत असतं ते नोबेलपुरतं. हंगेरीहून १९८५ साली फिलाडेल्फियात आल्या तेव्हा मुलीच्या टेडी बेअरमध्ये पैसे शिवून आणले होते. १९९५ मध्ये विद्यापीठात पदावनती झाली. एमआरएनएवरचा महत्त्वाचा शोध २००५ साली छापून आल्यावर त्यांनी आणि ड्रू वाइसमन यांनी पुढच्या वर्षी एक छोटी कंपनी काढली. सरकारी अनुदानही मिळालं, पण पेटंट विद्यापीठाचं होतं आणि परवाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. स्वतःच्याच शोधावर त्यांची कंपनी उभी राहू शकली नाही. २०१३ मध्ये त्या जर्मनीच्या बायोएनटेकमध्ये गेल्या, आणि २०२३ मध्ये नोबेल. पुढच्या यशाने मधली दहा वर्षं झाकली जातात. तुम्ही ती मधली वर्षं वाचा.

मी काय केलं? विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाला पत्र लिहून विचारलं की या या रेणूंवर तुमचा दावा आहे का. उत्तराला चार महिने लागले. 'नाही' असं लेखी आल्यावरच राजीनामा दिला, आणि जुन्या वह्या तिथेच ठेवून आले. पद्धती पुन्हा नव्याने, स्वतःच्या पैशाने बसवल्या. पेटंट एकही नाही. आमचं भांडवल म्हणजे कुठला टप्पा कितव्या तासाला थांबवायचा ते, आणि ते वहीत आहे.

जागेबद्दल दोन शब्द. नव्या कंपन्यांना लॅबची जागा भाड्याने देणारे इन्क्यूबेटरवाले आधी कॉफी मशीन दाखवतात. तुम्ही विचारा: फ्यूम हूड माझ्या वाट्याला किती, पेशींसाठी हूड वेगळा आहे का, रासायनिक कचरा कोण नेतं आणि त्याचं बिल कुणाच्या नावे, अग्निशमनाच्या नियमात माझ्या खोलीत किती लिटर सॉल्व्हंट ठेवता येतं. पहिल्या वर्षी कचऱ्याचं बिल माझ्या भाड्याच्या निम्म्याला टेकलं होतं. यंत्रं जुनी घ्या, बंद पडलेल्या बायोटेकच्या लिलावात. आमचा पहिला रोटाव्हॅप (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) तसाच आला. बरोबर आलेल्या ड्रॉवरमध्ये कुणाचा तरी वाचायचा चष्मा होता, तो अजून तिथेच आहे.

आरोग्य विमा बायकोच्या नोकरीतून आहे का? आहे म्हणालात तर तुमची अर्धी लढाई झाली. नसेल, तर बाकी सगळं गणित त्याच्यानंतर. आमच्याकडे नवऱ्याच्या विम्यावर कंपनीची पहिली चार वर्षं निघाली. कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं नाव नाही, पण असायला हवं होतं.

परत जाण्याचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर नावाचं इन्क्यूबेटर आहे, आणि बायरॅक या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाख रुपयांपर्यंत मिळतं. तिथे अट भारतीय नागरिकत्वाची. म्हणजे ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही असलेला माणूस दोन्हीकडे अर्ज करण्याच्या स्थितीत असतो. अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी याचा विचार करा, मी केला नव्हता. माझ्या धंद्याला तर तिकडे अजून एक सोय आहे: जड पाण्याचा कारखाना अलिबागजवळ थळला आहे, आणि मी ड्युटेरियम इथे महाग घेते.

उशीर? मी ३८ व्या वर्षी सुरू केली. दहा वर्षं आधी केली असती तर डी-फोर परत आला तेव्हा काय झालंय हेच मला कळलं नसतं.

राहिला घरचा प्रश्न. राजीनामा दिला त्या रात्री मी सांगलीला फोन केला. आईने विचारलं, जेवलीस का? वडिलांना मी सगळं समजावून सांगितलं: ड्युटेरियम, मास स्पेक, मिलिग्रॅमचा भाव. सोन्यापेक्षा महाग पडतं म्हटल्यावर ते जरा थांबले. मग त्यांनी एकच विचारलं, "उधारी किती दिवसांची?"

"साठ दिवस," मी म्हटलं. "मोठी हॉस्पिटलं नव्वद लावतात."

"आणि कच्चा माल?"

"तो रोख."

बराच वेळ तिकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "आणि डॉक्टरेट कशात मिळाली होती म्हणालीस?"